हात धुण्याचा इतिहास

रत्नागिरीच्या रत्नदुर्गाच्या पायथ्याशीं, समुद्राच्या कुशींत, मिरकरवाडा हें मच्छीमारांचें बंदर आहे. पहांटे नौका धक्क्याला लागतात आणि पाहतां पाहतां सगळा धक्का गजबजून जातो. खलाशी मासळी उपसून टोपल्यांत टाकतात. टोपली या हातांतून त्या हातांत जाते. लिलाव पुकारणारा मासा उचलून दाखवितो. घेणारा त्याचे कल्ले उघडून पाहतो. कोणी बर्फ फोडून पसरतो. मासळी विकणाऱ्या बायका आपला माल निवडून बाजाराची वाट धरतात. समुद्रांतून निघालेली सुरमई रत्नागिरी, कोल्हापूर किंवा पुणें येथील एखाद्या घरच्या चुलीवर चढेपर्यंत किती हातांतून गेली, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. तो ठेवण्याची गरजहि सहसा कोणाला वाटत नाहीं.

दिवसाचें काम संपलें म्हणजे हे सगळे हात धुतले जातात. पण ज्यानें एकदां तरी तारली किंवा बांगडा निवडला आहे, त्याला एक गोष्ट ठाऊक असते. नुसत्या पाण्यानें धुतलेला हात दिसावयाला स्वच्छ दिसतो, वास मात्र जात नाहीं. माशाचें तेल आणि बुळबुळीत लेप कातडीच्या रेघांत व नखांच्या खोबणींत बसून राहतो. मग लिंबू चोळावें लागतें, साबण लावावा लागतो. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा हात खरोखर स्वच्छ असतोच असें नाहीं, हें ज्ञान मासळी विकणाऱ्या बाईला रोजच्या अनुभवानें मिळालेलें आहे. याच साध्या ज्ञानाला वैद्यकशास्त्रांत प्रवेश मिळावयाला एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. आणि तेथेंहि त्याचा आरंभ हाताला राहिलेल्या वासापासूनच झाला.

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्या विभागांत डॉक्टर व वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत. दुसरा विभाग सुइणींच्या शिक्षणासाठीं राखलेला होता. आवार एक, हवा एक, येणाऱ्या स्त्रियाहि एकाच गरीब वर्गांतल्या. तरी १८४६ सालीं पहिल्या विभागांत शेंकडा अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या, तर सुइणींच्या विभागांत हें प्रमाण शेंकडा तिहींहूनहि कमी होतें. पहिल्या विभागांतील बहुतेक मृत्यु सूतिकाज्वराचे होते. ही गोष्ट शहरांत षट्कर्णी झालेली होती. पहिल्या विभागांत आपणांस नेऊं नये म्हणून बायका गयावया करीत. कित्येकी रुग्णालयाच्या वाटेवरच प्रसूत होत. आणि नवल असें कीं, रस्त्यांत बाळंत झालेल्या स्त्रियांना हा ताप क्वचितच येई. विद्वानांच्या हातीं पडण्यापेक्षां उघडा रस्ता अधिक सुरक्षित ठरत होता.

या रुग्णालयांत इग्नाझ सेमेलवाइस नांवाचा एक तरुण हंगेरियन डॉक्टर साहाय्यक होता. दाटी, हवा, आहार, उपचाराची पद्धति अशीं एकेक कारणें त्यानें ताडून पाहिलीं आणि सोडून दिलीं. १८४७ च्या मार्च महिन्यांत त्याचा स्नेही, न्यायवैद्यकाचा अध्यापक याकोब कोलेच्का, मरण पावला. शवविच्छेदन चाललें असतां एका विद्यार्थ्याच्या हातांतील सुरी त्याच्या बोटाला लागली होती. कोलेच्काच्या देहाची तपासणी झाली तेव्हां जीं लक्षणें आढळलीं, तीं सूतिकाज्वरानें मेलेल्या स्त्रियांच्या देहांतील लक्षणांशीं तंतोतंत जुळलीं. सेमेलवाइसला कोडें उलगडलें. डॉक्टर व विद्यार्थी सकाळीं शवागारांत प्रेतें चिरीत आणि तेथून बाळंतिणींना तपासावयाला जात. सुइणी शवागारांत जात नसत. प्रेतांतील कांहीं विषारी अंश डॉक्टरांच्या हातांवरून जिवंत देहांत शिरत होता.

हे हात कोणी धूत नव्हतें असें नाहीं. ते साबणपाण्यानें धुतले जात, पण धुतल्यावरहि त्यांना प्रेताचा वास येत राही. वास राहतो त्या अर्थीं तो विषारी अंशहि राहतो, असें अनुमान सेमेलवाइसनें केलें आणि वास घालविणारें द्रव्य म्हणून क्लोरीनयुक्त चुन्याचें पाणी पसंत केलें. मे महिन्याच्या मध्यापासून त्या पाण्यानें हात धुतल्यावांचून कोणीहि रुग्णाला स्पर्श करावयाचा नाहीं, असा दंडक त्यानें घालून दिला. एप्रिलमध्यें शेंकडा अठरा असलेलें मृत्यूचें प्रमाण जूनमध्यें सुमारें दोनवर आलें. १८४८ च्या सबंध वर्षांत तें शेंकडा सव्वाच्या आसपास राहिलें, आणि त्या वर्षीं मार्च व ऑगस्ट या दोन महिन्यांत त्या विभागांत एकहि बाळंतीण दगावली नाहीं.

इतका उघड पुरावा पुढें आल्यावर सगळ्या युरोपांत हात धुण्याची घाई उडावयाला हवी होती. तसें झालें नाहीं. एक तर सूक्ष्म जंतूंमुळें रोग होतात हें अद्यापि सिद्ध व्हावयाचें होतें. त्यामुळें हा अंश कोणता, याचें उत्तर सेमेलवाइसपाशीं नव्हतें. दुसरें, त्यानें आपला ग्रंथ १८६१ पर्यंत प्रसिद्ध केला नाहीं. परंतु खरी अडचण याहून खोल होती. त्याचें म्हणणें मान्य करावयाचें म्हणजे, आजवर आपण ज्यांना वांचविण्यासाठीं हात लावला त्यांतील कितीएक जणी आपल्याच हातांमुळें मेल्या, हें प्रत्येक डॉक्टरानें कबूल करावयाचें. तें फार थोड्यांना साधलें. सेमेलवाइस कडवट होत गेला, विरोधकांना जाहीर पत्रें लिहूं लागला, आणि १३ ऑगस्ट १८६५ रोजीं व्हिएन्नाजवळच्या वेड्यांच्या रुग्णालयांत, जखम चिघळून रक्तांत विष भिनल्यानें, त्याचा अंत झाला. आदल्याच दिवशीं ग्लासगो येथें जोसेफ लिस्टर यानें एका अकरा वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या पायाची जखम कार्बोलिक आम्लानें बांधून शस्त्रवैद्यकाचें नवें युग सुरू केलें होतें. पुढें १८७९ सालीं लुई पाश्चर यानें पॅरिसच्या वैद्यक परिषदेंत फळ्यावर साखळीसारख्या जंतूचें चित्र काढून सूतिकाज्वराचें कारण दाखवून दिलें. सेमेलवाइसच्या अनुमानाला जंतुशास्त्राचा आधार मिळाला तो असा, त्याच्या मृत्यूनंतर.

हा इतिहास मराठी घरांत सांगितला कीं एक आक्षेप सहज निघतो. युरोपियन डॉक्टरांना जें १८४७ सालीं शिकावें लागलें तें आमच्या आजीला आधींपासून ठाऊक नव्हतें काय? बाहेरून आल्यावर पाय धुवावेत, जेवणापूर्वीं हात धुवावेत, आंघोळ केल्यावांचून चुलीशीं जाऊं नये, उष्टा हात भांड्यांत घालूं नये, हे नियम कोणत्या मराठी घरांत नव्हते? कोंकणांतील मुसलमान घरांतहि नमाजापूर्वीं वजू करण्याचा परिपाठ शतकानुशतकें चालत आला आहे. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. पाण्याशीं एवढा नित्य संबंध ठेवणाऱ्या समाजांत कांहीं रोगांना आळा बसत असला पाहिजे, यांत शंका नाहीं. उष्ट्याखरकट्याचा विधिनिषेध तर जंतुशास्त्राच्या दृष्टीनें आजहि उपयुक्त आहे.

पण या नियमांच्या मुळाशीं जो विचार होता तो निराळा होता. सोवळ्यांतील माणूस हात धुतो तो आपलें सोवळें राखावें म्हणून. त्याचा प्रश्न असा कीं, मला कशाचा स्पर्श झाला? जंतुशास्त्राचा प्रश्न नेमका उलट आहे: माझा स्पर्श कोणाला होणार? पहिल्या प्रश्नाचें उत्तर स्पर्शानंतर पाणी घेऊन देतां येतें; दुसऱ्याचें उत्तर स्पर्शाच्या आधीं द्यावें लागतें. एकांत स्वतःचा बचाव आहे, दुसऱ्यांत परक्याचा. शिवाय सोवळ्याला पाणी पुरतें, पाण्याचे दोन थेंबहि पुरतात; जंतूंना तेवढ्यानें कांहीं होत नाहीं.

या दोन विचारांतील अंतर सर्वांत अधिक महाग पडलें तें बाळंतिणीच्या खोलींत. मुलाचा जन्म झाला कीं घराला सोयर येई. बाळंतीण दहा दिवस अस्पर्श. तिला शिवणारी सुईणहि तितके दिवस अस्पर्श. म्हणून त्या खोलींतून बाहेर येणारीनें स्नान करावें, लुगडें बदलावें, असा कडक नियम होता. त्या खोलींत शिरणारीनें मात्र आधीं हात धुवावेत असा नियम नव्हता. खोली बहुधा घरांतील सर्वांत अंधारी, अंथरूण सर्वांत जुनें, कारण तें पुढें टाकूनच द्यावयाचें असे. नाळ कापावयाला हातीं लागेल तो विळा घेत. धनुर्वातानें किंवा तापानें मूल गेलें, आई गेली, तर तें दैव समजलें जाई. घर सोयर पाळण्यांत दक्ष होतें. त्या दक्षतेचें तोंड मात्र बाहेरच्या बाजूला होतें.

आनंदीबाई जोशी यांनीं वयाच्या चौदाव्या वर्षीं हें दुःख स्वतः भोगलें. त्यांचें पहिलें मूल जन्मल्यावर दहाच दिवसांत गेलें. पुढें अमेरिकेंत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयांतून १८८६ सालीं त्या डॉक्टर झाल्या, तेव्हां त्यांनीं आपल्या प्रबंधासाठीं प्राचीन आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हाच विषय घेतला होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, तें ज्ञान स्वदेशांत वापरावयाच्या आधींच, क्षयानें त्यांचा अंत झाला. त्याच सुमारास मुंबईंत कामा रुग्णालय स्त्रियांसाठीं उघडलें. पुण्यांत १९०९ सालीं रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकारानें सेवासदन स्थापन झालें आणि मराठी विधवा व परित्यक्ता स्त्रिया परिचर्येचें व सुइणीचें शास्त्रीय शिक्षण घेऊं लागल्या. ज्या कामाला घरानें अस्पर्श ठरविलें होतें, तेंच काम धुतलेल्या हातांनीं व उकळलेल्या हत्यारांनीं करणाऱ्या या स्त्रियांनीं किती आयांना घरीं परत पाठविलें याची गणती नाहीं. नवजात बालकांच्या धनुर्वाताचें निर्मूलन झाल्याची पावती भारताला जागतिक आरोग्य संघटनेकडून मिळाली ती २०१५ सालीं. त्यांत लशीचा वांटा मोठा. पण स्वच्छ हात, स्वच्छ पातें व स्वच्छ जागा यांचा वांटाहि लहान नाहीं.

शुद्धि आणि स्वच्छता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, याचें याहूनहि ठळक उदाहरण कोंकणांतच घडलें. मुंबई कायदे मंडळांत सी. के. बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे करावेत असा ठराव १९२३ सालीं मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें खुलेंहि केलें. पण पाणी घेण्याचें धाडस कोणाला होईना. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं हजारों अनुयायांसह त्या तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केलें. आंबेडकरांचें मूळ गांव आंबडवे रत्नागिरी जिल्ह्यांतलेंच. या घटनेनंतर सवर्णांनीं तळें शुद्ध करून घेतलें, तें कशानें? शेण, गोमूत्र, दूध व दही यांनीं भरलेल्या १०८ घागरी मंत्रघोषांत तळ्यांत ओतून. जंतुशास्त्राच्या कोणत्याहि विद्यार्थ्याला विचारलें तर, मनुष्याच्या ओंजळीनें त्या पाण्याचें कांहीं बिघडलें नव्हतें, आणि जें बिघडलें तें या घागरींनीं, असेंच तो सांगेल. तळ्याचा दावा पुढें दहा वर्षें चालला आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें अस्पृश्यांच्या बाजूनें निर्णय दिला. जोतीराव फुले यांनीं आपल्या घरचा हौद १८६८ सालींच सर्वांना मोकळा केला होता. स्वच्छ राहा, असा उपदेश ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या केला, त्यांनाच पाण्यापासून दूर ठेवलें, ही विसंगति ओळखणारे पुरुष फार थोडे होते. फुले त्यांतले एक.

स्वच्छतेच्या नांवानें चूक करण्यांत सरकारहि मागें नव्हतें. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. चार-पांच महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती गांवोगांव पांगली. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील लोकांचा भरणा मोठा. बोटींतून ते आपापल्या बंदरांत उतरूं लागले आणि किनाऱ्यावर भीति पसरली. सरकारनें घरें धुतलीं, भिंतींना चुना फांसला, गटारांत कार्बोलिक ओतलें, उतारूंची तपासणी केली. पुण्यांत या बंदोबस्ताच्या जुलमानें असंतोष इतका भडकला कीं, २२ जून १८९७ रोजीं रँडवर गोळी झाडली गेली. एवढें सगळें होऊनहि प्लेग हटला नाहीं, कारण तो उंदरांच्या पिसवांवाटे पसरतो, हें १८९८ सालीं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत दाखवीपर्यंत कोणाला उमगलें नव्हतें. रोग एका वाटेनें येत होता आणि पाणी दुसऱ्या वाटेवर ओतलें जात होतें.

पटकीची गोष्ट याच्या उलट. पंढरपूरच्या वारीबरोबर आणि बोटींच्या उतारूंबरोबर पटकी गांवोगांव फिरे. लोक जरीमरीला नवस करीत. लंडनमध्यें जॉन स्नो यानें १८५४ सालींच तिचें मूळ दूषित पाण्यांत आहे हें एका नळाच्या उदाहरणानें पटवून दिलें होतें, आणि १८८४ सालीं रॉबर्ट कॉख यानें कलकत्त्यास स्वल्पविरामाच्या आकाराचा तिचा जंतु शोधून काढला. पटकी, विषमज्वर, हगवण, एका प्रकारची कावीळ आणि कृमि या सर्वांची वाट एकच आहे: रोग्याच्या मळांतून पाण्यांत, माशीच्या पायांवर किंवा माणसाच्या बोटांवर, आणि तेथून दुसऱ्याच्या तोंडांत. पाणी उकळून एक वाट बंद होते, अन्न झांकून दुसरी. बोटांची वाट बंद करावयाला हात धुण्यावांचून दुसरा उपाय नाहीं.

या वाटेचा धोका असा कीं, हाताचा धनी स्वतः ठणठणीत असूं शकतो. न्यूयॉर्कमध्यें मेरी मॅलन नांवाची एक स्वयंपाकीण होती. ती ज्या ज्या घरीं राहिली त्या त्या घरीं विषमज्वर झाला. तिला स्वतःला कसलाच त्रास नव्हता. १९०७ सालीं तपासणींत तिच्या शरीरांत विषमज्वराचे जंतु सांपडले. आपण कोणाला आजारी केलें हें तिला शेवटपर्यंत पटलें नाहीं. तिला तीन वर्षें अडकवून सोडलें. तिनें नांव बदलून पुन्हा स्वयंपाकाचें काम धरलें, पुन्हा रोग झाला, आणि १९१५ पासून १९३८ सालीं मृत्यु येईपर्यंत ती बेटावरील रुग्णालयांत एकांतवासांत राहिली. शिजलेल्या अन्नांतील जंतु आंचेनें मरतात. न शिजविलेल्या पदार्थाला मात्र हाताखेरीज दुसरा राखणदार नसतो. कोशिंबीर, चटणी, फळांच्या फोडी करणाऱ्या प्रत्येक हाताला ही गोष्ट लागू आहे.

साबण नेमकें काय करतो, हें येथें पाहण्यासारखें आहे. हातावर तेलाचा अतिशय पातळ थर असतो आणि जंतु त्याला चिकटून राहतात. तेल पाण्यांत मिसळत नाहीं, म्हणून नुसतें पाणी वरून वाहून जातें. साबणाच्या कणाचें एक टोंक तेलाला धरतें, दुसरें पाण्याला. चोळतां चोळतां तेलाचा थर सुटतो आणि जंतूंसह वाहून जातो. इन्फ्लुएंझा किंवा कोरोना यांसारख्या विषाणूंचें तर बाहेरचें वेष्टनच स्निग्ध असतें. साबणानें तें फुटतें. म्हणून नखें, बोटांच्या बेचक्या, अंगठा व मनगट यांसह वीस सेकंदपर्यंत चोळणें, मग धुणें, आणि नंतर स्वच्छ फडक्यानें कोरडें करणें, यांतील एकहि पायरी फुकट नाहीं. ओल्या हाताला जंतु अधिक लागतात. मळक्या पंचाला पुसलेला हात पुन्हा मळतो.

मराठी घरांत पूर्वीं हें काम राख, माती, रिठा व शिकेकाई यांनीं होई. विलायती साबणाच्या वड्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येऊं लागल्या. १८९५ पासून लाइफबॉयच्या तांबड्या वडीबरोबर लिस्टरचें कार्बोलिक हिंदुस्थानांतील न्हाणीघरांत शिरलें. १९१८ सालीं आर्देशीर गोदरेज यांनीं जनावरांच्या चरबीऐवजीं वनस्पति-तेलाचा साबण काढला आणि साबणाला नाक मुरडणाऱ्या सोवळ्या घरांचाहि एक आक्षेप दूर झाला. तरीहि साबण पुष्कळ दिवस आंघोळीचा व कपड्यांचाच राहिला; जेवणापूर्वीं हातावर पाणी ओतलें कीं काम झालें, ही समजूत अजून गेलेली नाहीं.

ती समजूत किती महाग पडते, हें एका चाचणीनें दाखविलें. कराची हें १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यांतलेंच शहर. तेथील झोपडपट्ट्यांतील कांहीं घरांना साबण देऊन हात धुण्याची रीत नियमानें शिकविण्यांत आली, आणि शेजारच्या तशाच घरांशीं त्यांची तुलना झाली. २००५ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, साबण वापरणाऱ्या घरांत पांच वर्षांखालील मुलांचा न्युमोनिया निम्म्यानें कमी झाला आणि पंधरा वर्षांखालील मुलांचे जुलाबहि निम्म्याहून अधिक घटले. औषध नाहीं, लस नाहीं. साबणाची वडी आणि ती वापरण्याची संवय, एवढीच सामग्री.

आतां पुन्हा मिरकरवाड्याच्या किनाऱ्याकडे वळावें. १९९७ च्या ऑगस्टमध्यें युरोपीय संघानें भारतांतील मासळीची आयात बंद केली. कारण दिलें तें मासळींत सांपडलेल्या जंतूंचें आणि कारखान्यांतील अस्वच्छतेचें. मासळी परदेशीं पाठविणाऱ्या कारखानदारांची धांवपळ झाली. पाण्याची तपासणी, फरशीचा उतार, बर्फाची शुद्धता, सगळें नव्यानें बसवावें लागलें. युरोपीय नियमांत एक कलम असें होतें कीं, कामाच्या खोलींतील हात धुण्याचा नळ हातानें उघडावयाचा नसावा. पायानें किंवा गुडघ्यानें तो सुरू व्हावा, कारण धुतलेल्या हातानें मळका नळ बंद केला तर धुणें व्यर्थ जातें. दाराशीं साबण, क्लोरीनच्या पाण्याचें भांडें, एकदांच वापरावयाचा पंचा. सेमेलवाइसनें घालून दिलेला दंडक, दीडशें वर्षांनीं, परदेशी गिऱ्हाइकाच्या आग्रहानें, मासळीच्या कारखान्याच्या दाराशीं येऊन उभा राहिला.

परदेशीं जाणाऱ्या कोळंबीला मिळालेला हा मान धक्क्यावरच्या टोपलींतील बांगड्याला मिळतो काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. बांगड्याची गोष्ट तर अधिक नाजूक. तो वेळींच बर्फांत गेला नाहीं तर त्यांतील जंतु एक विष तयार करतात, आणि तें शिजवूनहि जात नाहीं. म्हणजे तेथें हाताइतकाच बर्फहि महत्त्वाचा. समुद्रावर कित्येक दिवस राहणाऱ्या नौकेंत गोडें पाणी मोजून वापरावें लागतें. तें आधीं पिण्याला, मग रांधण्याला, आणि उरलें तर हाताला. मासळी कापणारी बाई एक मासा साफ करते, पैसे घेते, सुटे परत देते, पुन्हा दुसऱ्या माशाला हात घालते. नोटेवरून माशाकडे आणि माशावरून नोटेकडे जाणाऱ्या त्या हाताला दर खेपेस साबण व वाहतें पाणी हवें, असें पुस्तक सांगतें. तें पाणी तिच्या बसण्याच्या जागेपासून किती पावलांवर आहे, हें पुस्तक सांगत नाहीं. ज्या नियमाला नळाची जोड नाहीं तो नियम उपदेशापलीकडे जात नाहीं. आणि उपदेश गरिबांच्या वांट्याला आजवर कमी आलेला नाहीं.

२०२० सालीं कोविडची साथ आली तेव्हां हात धुण्याचा घोष घरोघर पोहोंचला. मुंबईचे चाकरमानी मे महिन्यांत पुन्हा एकदां हजारोंनीं कोंकणांत परतले, आणि १८९६-९७ च्या हिंवाळ्याची आठवण व्हावी असे दिवस गांवांनीं पाहिले. गांवाच्या वेशीवर बादली, साबण व तांब्या ठेवलेला दिसूं लागला. तो रोग मुख्यतः श्वासावाटे हवेंतून पसरतो, हें पुढें स्पष्ट झालें. हात धुणें हा त्यावरचा एक उपाय होता, मुख्य उपाय नव्हता. प्लेगच्या वेळची चूक येथें वेगळ्या रूपानें पुन्हा डोकावली. पण वेशीवरच्या त्या बादलींत एक नवी गोष्ट होती. आंत येणारा माणूस हात धूत होता तो स्वतः शुद्ध होण्यासाठीं नव्हे, तर आंतल्या म्हाताऱ्यांना आपल्यापासून कांहीं लागूं नये म्हणून. स्पर्शाच्या आधींचें पाणी कोंकणच्या गांवानें त्या वेळीं बरोबर जागीं ठेवलें होतें.

साथ ओसरली आणि पुष्कळ ठिकाणच्या बादल्या उचलल्या गेल्या. जुलाब आणि विषमज्वर मात्र ओसरलेले नाहींत. ते दर पावसाळ्यांत येतात, आणि त्यांची वाट अजूनहि बोटांवरूनच जाते. शहरांतल्या घरीं मासळी आली कीं ती धुतली जाते, आणि मासळी धुणारा हातहि धुतला जातो, वास जाईपर्यंत. तीच काळजी कोशिंबीर चिरण्यापूर्वीं, मुलाला भरवण्यापूर्वीं, आजाऱ्याच्या उशाशीं बसण्यापूर्वीं घेतली गेली, तर सेमेलवाइसचें काम त्या घरापुरतें पुरें झालें. ज्या धक्क्यावरून ती मासळी आली त्या धक्क्यावरील बाईच्या हाताशीं नळ आणि साबण असावा, ही मागणी मात्र तिनें एकटीनें करण्याची नाहीं. तो मासा ज्यांच्या ताटांत पडतो त्या प्रत्येक घरानें ती तिच्याबरोबर करावयाची आहे.